परत घेतलेला शब्द

दुपारी दोनच्या सुमाराला आतल्या खोलीतून टक्, टक् असा बारीक आवाज यायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा, टोपलीत टाकलेली चिंबोरी नांगी आपटते तसा. आणि गेली आठ-नऊ वर्षं तो आवाज सुरू झाला की चांगुणा, माझी बायको, डोळे वटारून मला हळू बोलायला लावायची. आधी ती गेली, मग तो आवाज गेला. आता भाद्रपदातलं पिवळं ऊन फरशीवरून सरकत भिंतीपर्यंत जातं, ओहोटी लागली की खाडीच्या चिखलाचा आंबूस वास घरात येऊन बसतो, शेजारी गणपतीची आरास उतरवताना कुणी खिळे उपटत असतं, आणि आतल्या खोलीत कंप्युटरचे दोन मोठे पडदे नुसते काळे उभे असतात.

रोशन, माझा मुलगा, चौतिशीचा. तो कंप्युटरवर पोकर खेळायचा आणि त्यावर आमचं घर चालायचं. पोकर म्हणजे पत्ते. त्याला इंग्रजीत कितीही चांगलं नाव दिलं तरी पत्ते ते पत्ते, असं मी पहिल्यापासून त्याच्या तोंडावर बोलत आलो. श्रावणात सरकारने पैशाचे असले खेळ कायद्याने बंद केले, आणि ज्यावरून मी त्याच्याशी इतकी वर्षं भांडलो ते एका दुपारी आपोआप मिटलं. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

परवा धर्मा आला. धर्मा चांगुणाचा धाकटा भाऊ, बोलायला लागला की खाडीपलीकडे ऐकू जाईल असा. हातात पेढ्यांचा पुडा. आमच्याकडे अजून वर्ष सरलेलं नाही, यंदा गणपतीही बसवला नव्हता, तरी हा पेढे घेऊन आला.

“भावोजी, तोंड गोड करा. तायने केला बघा. तुमी घाटावर तिला शब्द दिलाता ना? तुमच्याच्याने होयना, मंग तिनेच वरून करून घेतला.”

“सरकारने केला,” मी म्हणालो.

“सरकारला कोनी सांगितला?”

रोशन चहाचे कप घेऊन दारात उभा होता. त्याने कप ठेवले, “मामा, साखर कमी लागली तर सांग,” म्हणाला आणि खोलीत निघून गेला. मी त्याची पाठ बघितली. धंदा सरकारने बंद केला तर माणूस दुसरा बघतो; द्रोणागिरीच्या गोदामांत तो दोन ठिकाणी विचारूनही आला होता. पण आपल्या मेलेल्या आईनेच आपल्या पुढ्यातलं ताट ओढलं, असं एकदा मनात बसलं तर ते कशाने निघायचं? आणि ते त्याच्या मनात घालायला एकटा धर्मा कारण नव्हता. शब्द मी दिला होता.

गेल्या आश्विनात चांगुणाचं दहावं सारसोळ्याच्या जेट्टीच्या अलीकडे खाडीकाठी झालं. नऊ वाजता मांडलेला भाताचा पिंड साडेअकरा वाजले तरी तसाच. शेजारी तिच्या आवडीचं सगळं ठेवलेलं, जवळा, चहाचा कप, मिशरीची डबी. पलीकडे तिवरांवर वीसेक कावळे, त्यांतला एखादा खाली उतरायचा, मान वाकडी करून बघायचा आणि परत जायचा. गेलेल्या माणसाचं मागे काही अडलं असेल तर कावळा शिवत नाही, ही आपली समजूत, म्हणून एकेक जण पुढे होऊन तिला शब्द देत होता. तिची बहीण म्हणाली, भावोजींच्या जेवणाचं मी बघेन. कावळा हलला नाही. शेजारीण म्हणाली, तुझी तुळस सुकू देणार नाही. तरी नाही. कुणी म्हणालं, रोशनचं लग्न करू. त्यावर तर कावळ्यांनी मानही वळवली नाही, आणि सहा-सात वर्षं पोरी बघून दमलेल्या बाईला ते खरं वाटलं नसणार हे मलाही पटलं. ऑक्टोबरचं ऊन दगडातून पायांत चढत होतं. भटजींना पुढे बेलापूरला आणखी एक दहावं होतं, ते मनगटाकडे बघत होते.

धर्मा म्हणाला, “भाच्या, आता तूच बोल. पत्ते सोरतो म्हन.”

रोशन हात जोडून उभा होता. “नाय बोलनार.”

“अरं, बोलाला काय जातं? नंतर कोन बघाला येतंय?”

“सोरनार नाय तर सोरतो कशाला म्हनू? आयशी खोटं नाय बोलनार.”

“बघा. दिसभर लोकांना गंडवून खातो, नि हितं मोठा खरा झाला.”

कुणी हसलं नाही, पण हसायच्या बेतात होते. मला राग कोणाचा आला ते आजही नक्की सांगता येत नाही. पोराचा, धर्माचा, भटजींच्या घड्याळाचा, की दहा दिवसांपूर्वी मला असं उन्हात सोडून गेलेल्या बाईचा. मी दोन पावलं पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, “चांगुने, मी सोराला लावतो याला. माजा शब्द हाय.” बोलणं पुरं व्हायच्या आत एक कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच मारली. लोकांनी हात जोडले. धर्माने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एकट्याने भला मोठा जिताडा मासा ओढून आणलाय.

घरी येताना रिक्षात रोशन एवढंच म्हणाला, “शब्द तुमी दिलाय, बाबा. मी नाय.”

त्यानंतर सहा महिने मी त्याला सोड म्हणालो नाही. म्हणणार होतो, रोज म्हणणार होतो. पण घरात दोनच माणसं उरली की एक दुसऱ्याकडे बघत बसतो, आणि मी इतकी वर्षं त्या दारावरून नुसता बोलत गेलो होतो, आत काय चालतं ते बघितलंच नव्हतं. तो दीड वाजता आंघोळ करायचा. भाताने डोळे जड होतात म्हणून दुपारी भाकरीच खायचा, मोबाइल स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून द्यायचा आणि दोनला बसायचा तो दिवेलागणीला उठायचा. दोन पडद्यांवर सहा हिरवी टेबलं, प्रत्येक टेबलावर त्याच्या वाट्याला दोन पानं. मला वाटायचं, पत्ते खेळणारा म्हणजे दर डावात हात मारणारा माणूस. हा सहातले पाच डाव न खेळताच टाकून द्यायचा. बघितले, टाकले. बघितले, टाकले. तो टक् टक् आवाज खेळण्याचा नव्हताच, टाकण्याचा होता. मी चाळीस वर्षं खाडीत जाळी टाकली. भांगाचे दिवस असले, पाण्याला ओढ नसली, की हात कितीही शिवशिवले तरी होडी काढायची नाही, काठावर बसून फाटकं जाळं सांधायचं, हे शिकायला माझं अर्धं आयुष्य गेलं. आणि हा पोरगा पंख्याखाली बसून एका दुपारीत शेकडो वेळा तेच करत होता.

चांगुणाला हे माझ्याआधी कळलं असावं. माझी होडी काठाला आली की ती विचारायची, “काय लागलं का?” आणि संध्याकाळी रोशन खोलीबाहेर आला की त्यालाही तेच, त्याच सुरात.

“नाय लागलं आज, आये.”

“मंग जेवून घे.”

जिंकलास का, हरलास का, असं तिने त्याला कधी विचारलं नाही. तिला ते आवडत होतं असंही नाही. दर गौरीला ती त्याच्या नोकरीसाठी ओटी भरायची. मात्र तिच्या किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून तीनदा सकाळी तिला डायलिसिसला न्यायला तोच होता, कारण आमच्यातल्या बाकी सगळ्यांना चांगल्या नोकऱ्या होत्या.

चैत्रातल्या एका दुपारी मी मनाशी ठरवून आत गेलो आणि त्याच्या मागे स्टूल ओढून बसलो. एका टेबलावर त्याला चांगली पानं आली होती, एवढं त्याच्या पाठीवरून कळलं, कारण ती ताठ झाली. त्याने होतं नव्हतं ते पुढे केलं. समोर कोण होता देव जाणे, त्याचं फक्त नाव दिसत होतं. त्याच्याकडे काहीच नव्हतं, पण शेवटचं पान नेमकं त्याच्या उपयोगाचं निघालं आणि सगळं त्याच्याकडे सरकलं. रोशनने पाण्याचा घोट घेतला.

“चुकला?” मी विचारलं.

“नाय. बरोबर खेळलो.”

“मंग हरला कसा?”

“हरलो. चुकलो नाय. त्याचं पान आलं, त्याला कोन काय करनार?” मग पडद्याकडे बघतच म्हणाला, “बाबा, बरोबर खेळून हरला तर मानूस उठून परत बसतो. चुकीचं खेळून जिंकला ना, मंग त्याची वाट लागते. त्याला वाटतं तेच बरोबर.”

तो हे पत्त्यांबद्दलच बोलत होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र भाताला चोच मारणारा तो कावळा आला, जोडलेले हात आले, आणि धर्माची ती नजर आली. त्याने कानातला इअरफोन काढला, खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“तुमी बोलाला आलात ना? बोला. सोरू? तुमी म्हनत असाल तर आज सोरन. पन तुमाला नको म्हनून सांगा. आयला नको होतं असं नका सांगू. ते तुमाला ठाव नाय.”

त्या खेळात विचार करायला मोजके सेकंद मिळतात. तेवढ्यात काही केलं नाही तर हातातली पानं आपोआप पडतात. त्याच्या पाठीमागे एका टेबलावरची वेळेची पट्टी आखडत लाल झाली आणि पानं पडली. मग दुसऱ्या टेबलावरची. मग पलीकडच्या पडद्यावरची दोन एकदम. त्यांत काय होतं मला कळलं नाही, एखाददुसरं चांगलंही असेल. त्याने वळून बघितलं नाही. सहाही टेबलं रिकामी होईपर्यंत तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि माझ्या तोंडात ‘सोड’ हा एवढासा शब्द असून मला तो उच्चारता येईना.

“बस तुझ्या कामाला,” मी म्हणालो आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी जेट्टीवर गेलो. दिलेला शब्द परत कसा घ्यायचा, याचा काही विधी नाही. विधी सगळे द्यायचेच. चिखलात निवट्या मासळ्या उड्या मारत होत्या, लांब उंच इमारतींच्या काचा उन्हात पेटल्या होत्या, आणि जिथे मी होडी बांधायचो तिथे आता बसायला बाक केलेत. मी उभ्याउभ्याच म्हणालो, “चांगुने, तो शब्द मी परत घेतो. घाईत बोललो. पायाला चटके बसत होते.” काही झालं नाही. परत येताना कोथिंबीर घेतली. रोशनला यातलं काही सांगितलं नाही. बापाने मुलापाशी माघार कबूल करायची आमच्या घरात रीत नाही.

ती रीत परवा मोडली. धर्माला वाटेला लावला आणि मी आतल्या खोलीत गेलो. तो काळ्या पडद्यांपुढे हात मांडीवर ठेवून बसला होता.

“तुज्या आयने नाय केलं,” मी म्हणालो. “मी तो शब्द चैतातच परत घेतलाता. तिच्याकडं काय उरलाच नव्हता.”

“कुठं घेतलात?”

“जेट्टीवर.”

“मोठ्याने?”

“मोठ्याने.”

“लोक होते?”

“एक होता. मोबाइलवर सोताचा फोटो काढत होता.”

तो हसला. हसता हसता त्याने तळहाताने तोंड पुसलं आणि तळहात तोंडावरच राहिला. मी खिडकीकडे बघत बसलो. मग तो म्हणाला, “मामाला सांगा हे.”

“सांगन.”

“पन मंग त्या दिवशी कावळा शिवला कसा?”

“भूक लागली असंल त्याला,” मी म्हणालो.

त्याला ते पटलं. निदान पटल्यासारखं दाखवून तो उठला आणि भांडी घासायला गेला. मला पटलं नाही. दोन दिवस मी तोच विचार करतोय. त्या सकाळी बहीण बोलली, शेजारीण बोलली, धर्मा बोलला, रोशन बोलला. सगळे तिचं काय अडलंय ते जेवणात, तुळशीत, पोराच्या पत्त्यांत शोधत होते, आणि अडीच तास मी एकटाच तोंड मिटून उभा होतो. जिवंतपणीही तेच. एकेचाळीस वर्षांत मी खाडीत गेलो, आलो, जेवलो, झोपलो. तिला कशाचाही शब्द असा दिल्याचं मला आठवत नाही. मी काय बोललो त्याचं तिला काही नसेलही, मी बोललो एवढंच हवं असेल. किंवा नसेल तसं, मला कसं कळणार? पण तसं असेल, तर अख्ख्या संसारात दिलेला एकच शब्द, तोही मी परत घेऊन आलो. आता तिला द्यायचं माझ्याकडे काय राहिलंय, ते मला बघायला हवं.