पुन्हा पाच शून्यं

मंडळी, आज सकाळी इथे बहरीनमध्ये झल्लाकच्या रस्त्यावर माझ्या ब्याऐंशी सालच्या लांबलचक अमेरिकन गाडीचं मीटर ९९,९९९ वर आलं. चौथ्यांदा! त्या मीटरला आकडे पाचच, म्हणून लाख किलोमीटर झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

सवयीने मी गाडी कडेला घेतली. माझी बायको मालती मला याच आकड्यावर थांबवायची. खाली उतरून बॉनेटला हळदकुंकू लावायची, माझ्या हातावर खडीसाखर ठेवायची. "आता म्हणा तुमची शाळेतली कविता, आणि चला!" मी म्हणायचो, ती चुका काढायची.

आज मी ती उतरायची वाट बघत बसलो. तिला जाऊन तीन वर्षं झाली, हे खरंच क्षणभर विसरलो.

मागून आलेल्या पिकअपवाल्याने काच खाली करून, इथे म्हाताऱ्यांना मानाने हाक मारतात तशी मारत विचारलं, "हाजी, गाडी खलास?"

"गाडी मफी खलास!" म्हणजे अजून संपलेली नाही, असं इथल्या मोडक्या अरबीत सांगत मी निघालो.

पाचही शून्यं आली. कविता मात्र दुसऱ्या कडव्यातच अडली, आणि पुढची ओळ सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

बहरीनमध्ये कुणी असाल तर शुक्रवारी येता का फिरायला? पुढच्या सीटवर तिघं ऐसपैस बसतात.