मलकापूरचे एस. एम.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही पिंपळगाव राजाला राहत होतो आणि माझ्यासाठी स्थळ पाहणं चालू होतं. एक दिवस बुलढाण्याहून मामाचं कार्ड आलं. कार्डाच्या अगदी कडेपर्यंत लिहायची त्याला सवय. जागा संपत आली की तो शब्द तोडायचा. शेवटी लिहिलं होतं, 'मुलगा मलकापुरास एस. एम. आहे. रविवारी घेऊन येतो.'

"एस. एम. म्हंजे?" आईनं विचारलं. घरात सातवी पास झालेली मी एकटीच, पण मलाही सांगता येईना.

बाबा पोस्टमास्तरांना विचारून आले. "मलकापूर म्हंजे रेल्वे. स्टेशन मास्तर असंन म्हनते." आईच्या डोळ्यांसमोर लगेच रेल्वेचं क्वार्टर उभं राहिलं. शाळेतल्या गुरुजींना मात्र तो स्कूल मास्तर असल्याची खात्री होती. शेजारचा शिंपी म्हणाला, "माह्या धंद्यात तं एस. एम. म्हंजे सिलाई मशीन." रविवारपर्यंत मी हिरवी झेंडी धरलेला, खडूनं बोटं माखलेला, गळ्यात टेप टाकलेला, असे तिन्ही नवरे मनात पाहून घेतले.

मुलगा सावळा होता, कमी बोलणारा. पोहे देऊन झाल्यावर मामा रीत म्हणून म्हणाला, "तुले काही विचाराचं असंन तं विचार."

मी विचारलं, "एस. एम. म्हंजे काय?"

मामानं कपाळाला हात लावला. मुलानं बशी खाली ठेवली. "स्टॉकमन. ढोरायच्या दवाखान्यात आहो मी, डॉक्टरच्या हाताखाली."

आई उठून आत गेली. बाबा म्हणाले, "आमचा बैल दोन दिसापासून चारा खाऊन नाही राह्यला. पाहता का जराक?"

त्यानं कोट खुंटीला लावला, बाह्या सारल्या. मी दाराआडून पाहत होते. आमचा बैल परक्याला जवळ येऊ देत नसे. हा बराच वेळ त्याच्या गळ्याखाली नुसता हात फिरवत राहिला. मग तोंड उघडून त्यानं जीभ बाजूला धरली. दाढेपाशी बाभळीचा काटा रुतला होता. तो काढून त्यानं बाबांच्या तळहातावर ठेवला.

"मामा, आईले सांग," मी हळूच म्हणाले, "मले पसंत आहे."

आईची समजूत पटायला पंधरा दिवस लागले. शेजारणींना ती कितीतरी वर्षं जावई एस. एम. आहेत एवढंच सांगायची.

मलकापूरला आमची खोली दवाखान्याच्या मागंच होती. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पोट फुगलेली शेळी आणली. ह्यांनी मला हाक मारली आणि तिचं तोंड कसं धरायचं ते दाखवलं.