पाणसळकाकांनी उखडलेली फरशी

आमच्या गल्लीची फरशी ज्यांनी बसवली त्या गवंड्यांना सगळे पाणसळकाका म्हणतात. फरशी समतल आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची नळी, म्हणजे पाणसळ, कायम त्यांच्या खिशात. कुणाकडे चहाला गेले तरी आधी ती टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "डावा पाय आखूड आहे बरं का." घरमालक दचकून स्वतःच्या पायांकडे बघायचा.

गल्लीच्या कडेची माती, झुडपं काढून काकांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी घातली होती. उतार असा नेमका, की पावसाचं पाणी मिनिटभर कुठं टिकायचं नाही. चिखल गेला, लोक खूश झाले. या कामाचा काकांना फार अभिमान.

उताराच्या तळाशी, शेवटच्या घरात त्यांची थोरली बहीण राहते. शिवणकाम करते. आई लवकर गेली, तेव्हा काकांना तिनंच वाढवलं. पण अलीकडे पावसाच्या दिवसांत ती भावाला घरी येऊ देत नसे. "आज नको, कापड पसरलंय." "आज मी बाहेर निघालेय." ताईचं वय झालं, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली होती.

एके दिवशी महापालिकेतल्या तरुण इंजिनिअर बाई आल्या. "काका, पाच ठिकाणची फरशी काढायचीय. तिथं खोल खड्डे करू, तळाला खडी, वर वाळू मिसळलेली माती, त्यात ओल आणि ऊन दोन्ही सोसणारी झाडं. पाणी थांबेल आणि जमिनीत मुरेल."

काका भडकले. "उभा जन्म पाणी घालवण्यात गेला माझा! आणि तुम्ही मला ते थांबवायला सांगता?"

"ते जातं कुठं, बघितलंय का तुम्ही?" बाईंनी फोनमध्ये गेल्या पावसाळ्यात पाहणीला आल्या तेव्हा काढलेला फोटो दाखवला. एक शिलाई मशीन, पायडल पाण्याखाली बुडालेलं. मशीन काकांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

ते तसेच उठून बहिणीकडे गेले. भिंतीवर खाली तिनं पडद्यासारखं कापड लावलं होतं. काकांनी ते वर केलं. गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत गिलावा फुगून सुटला होता.

"कधीपासून?"

"फरशी झाल्यापासून."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस, ताई?"

"कसं सांगणार? सगळी गल्ली तुझं कौतुक करत होती. तू माझ्याच दारात उभा राहून म्हणालास, बघ ताई, पाणी कसं सुळकन निघून जातं. तुझा चेहरा बघितला आणि तोंडच उघडेना. बादलीनं उपसते की मी."

"या पासष्टाव्या वर्षी?"

"चौसष्ट," ताई म्हणाली.

काका जमिनीवरच बसले. ताईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोड्याचा आवाज आला म्हणून आम्ही बाहेर आलो. काका स्वतःच्या हातानं बसवलेली फरशी उखडत होते. एकानं विचारलं, "काका, डोकं ठिकाणावर आहे ना?" ते म्हणाले, "आत्ता आलंय."

काम सरळ झालं नाही. गाड्या लावायची जागा गेली म्हणून गल्लीतले दोघं महिनाभर काकांशी बोलत नव्हते. तिसऱ्या खड्ड्याखाली चिकणमाती लागली. दोन-दोन दिवस पाणी तसंच, वर डास. काकांनी तो पुन्हा कंबरभर खणला आणि खडी वाढवली. पाणी आत यावं म्हणून खड्ड्यांच्या काठाला खाचा ठेवल्या होत्या, पण ते जोरात येऊन पुढं निसटायचं. मग काकांनी प्रत्येक खाचेपुढं बोटभर उंचीचा दगड तिरका बसवला. पाणी गपकन वळलं. इंजिनिअर बाईंनी त्या दगडाचं चित्र वहीत काढून घेतलं.

मग एका दुपारी धो धो पाऊस लागला. काका छत्री घेऊन ताईच्या दारात उभे. एकेक खड्डा भरत गेला, पाणी अंगणात आलं, पायरीला लागलं आणि तिथंच थांबलं. आतून ताईचं मशीन चालूच होतं. "आत ये, भिजशील," ती ओरडली. "जरा थांब, बघतोय." "तू बघतोयस म्हणून काही ते कमी होणार नाही. ये."

काका आत गेले. तासाभरानं पाऊस उघडला, संध्याकाळी अंगण मोकळं झालं.

आता झाडं कमरेपर्यंत आलीत. त्यांत कुणी कागदाचा बोळा जरी टाकला तरी ताई शिवण सोडून बाहेर येते. परवा बहीणभाऊ तिसऱ्या खड्ड्याशी कात्री घेऊन भांडत होते. काकांना झुडपं एका उंचीत कापायची होती. ताई म्हणाली, "वाढू दे की जशी वाढतात तशी." काकांनी थोडा वेळ हुज्जत घातली आणि कात्री तिच्या हातात दिली.