पहिली उडी

सौदा ठरला की ते उपरणं झटकायचे. एकदाच, फट्ट असा आवाज येईल असं, आणि मग डाव्या खांद्यावर टाकायचे. काष्टीच्या जनावरांच्या बाजारात तो आवाज आला की आसपासची माणसं मान न वळवता म्हणायची, "गेला बैल."

ते बैलांचे दलाल. विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा, बोटं दाबून भाव ऐकायचा, मग घेणाऱ्याचा हात घ्यायचा आणि तसाच सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव बाहेर फुटायचा नाही. "तोंड बंद, हात चालू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते पहिल्याच भेटीत ऐकवलं, कारण माझं सगळं उलटं होतं. मी नगरहून बसनं यायचे, काखेत पत्रकांचा गठ्ठा, आणि स्टँडवर उतरल्यापासून तोंड सुरू. हमालांनो, चालकांनो, असंघटित कष्टकऱ्यांनो, जागे व्हा!

"पोरी, जागीच हायेत समदी," ते म्हणाले. "अंधारात उठून जनावरं घेऊन आल्यात. झोपू दे की जरा."

मी चिडले. तेव्हा मी कशावरही चिडायचे. अजूनही चिडते, फक्त आता लवकर दमते.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तुमच्या चळवळीची थट्टा करतो आणि तुमच्यासाठी चहा मात्र आधीच सांगून ठेवतो. मी त्यांना मामा म्हणायला लागले ते त्या चहामुळेच.

उपरण्याखाली बाईचा हात मी कधी पाहिला नाही. एकदा विचारलं, "मामा, एखादी बाई बैल विकायला आली तर?"

"तिचा भाऊ येतो."

"भाऊ नसला तर?"

"मग ती तोंडानं भाव करती. आन फसती."

मी त्यावर दोन पानी पत्रक काढलं. त्यांनी ते चहावाल्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "लिवलंय झ्याक. पर ह्यात मी कुठं हाय?"

तो प्रश्न मी हसण्यावारी नेला. तेव्हा नीट ऐकला असता तर पुढचा बराच वेळ वाचला असता.

मग बाजारात शूटिंग आलं. पिक्चर चोर-पोलिसांचा. शहरातली बँक लुटून दरोडेखोर पळतात, मागे पोलिसांची जीप लागते, आणि दरोडेखोर टेम्पो घेऊन थेट जनावरांच्या बाजारात घुसतात. त्यातल्या एकानं चालत्या टेम्पोतून कडब्याच्या गंजीवर उडी मारायची आणि बैलांच्या दोन रांगांमधून पळून जायचं. त्यासाठी मुंबईहून खास माणूस आणला होता. त्याला बैलांनी जवळ उभं राहू दिलं नाही. एका खिलार बैलानं नुसती मान खाली घातली, तर हा गाडीत जाऊन बसला तो उतरेचना.

मग मामांना विचारलं. साठी उलटलेली, पण अंगानं काटक, आणि बाजारातला प्रत्येक बैल त्यांच्या आवाजाला ओळखायचा. त्यांच्या तोंडावर काळा बुरखा चढवला आणि टेम्पोत उभं केलं. करार नाही, विमा नाही, एका चिठोऱ्यावर दोन ओळी नाहीत. मी त्या दिवशी तिथं नव्हते. पण दहा जणांना विचारलं आणि दहाही जणांनी एकच हकिकत सांगितली. आमच्याकडे हे सहसा होत नाही.

टेम्पो गंजीजवळ आला. मामांनी कमरेचं उपरणं सोडलं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि उडी घेतली. गंजीवर पडले, उठले, बैलांच्या मधून पळत पार गेले. बाजारानं टाळ्या वाजवल्या. डायरेक्टरनं मात्र डोक्याला हात लावला.

"अहो काका, तुम्ही दरोडेखोर आहात! मागं पोलीस लागलेत आणि उपरणं काय झटकताय?"

"काम ठरलं की झटकायचं," मामा म्हणाले. "सवय हाय."

उपरणं काढून घेतलं. पुन्हा टेम्पोत चढवलं. पहिल्या उडीनं गंजी दबून निम्मी झाली होती. ती पुन्हा रचायला हवी, हे बाजारातलं कुणीही सांगितलं असतं, किंबहुना दोघांनी सांगितलंही. पण ऊन उतरायला लागलं होतं आणि शूटिंगवाल्यांना ऊन हवं होतं. दुसऱ्या उडीत मामांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्याच टेम्पोतून त्यांना नगरच्या दवाखान्यात पोचवलं आणि कंपनीची माणसं गेली. दोन दिवस फोन लागत होते, मग तेही लागेनात.

मी तक्रारीचा कागद घेऊन गेले. मागणी साधी होती: उपचार करा आणि चूक लेखी कबूल करा. मामा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "आधी पिक्चर येऊ दे."

"का?"

"आत्ता बोंब मारली तर माझं काम कापतील ते."

मी खूप बोलले. हक्क, शोषण, कायदा. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बोलून बोलून मी परतीची बस धरली. असं चार वेळा झालं.

पिक्चर आला. आम्ही मामांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून थिएटरात नेलं. अडीच तासांत आमचा बाजार दीड मिनिट. काळा चष्मा लावलेला पोलीस अधिकारी, त्याची चकचकीत जीप, आणि ती वेळेवर पोचते! मी दात खाल्ले. तेवढ्यात बुरखा घातलेला एक दरोडेखोर टेम्पोत उभा राहिला, त्यानं उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि उडी मारली. दुसऱ्या वेळी ते पडले होते, मग दाखवणार काय? पहिलीच उडी ठेवली होती. चेहरा दिसत नव्हता, पण अख्ख्या थिएटरात काष्टीकर उभे राहून ओरडले, "गेला बैल!"

मामा हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. "पडलो न्हाई बघ," ते म्हणाले. "हाय का कुठं पडलेला?"

मी कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर चार ओळींचं आलं. सदर गृहस्थ चित्रपटात उडी मारून व्यवस्थित पळताना दिसतात. दुखापत नंतर घरी झाली असावी.

म्हणजे ज्यासाठी मामा थांबले तेच त्यांच्यावर उलटलं. मी रागानं नवा कागद लिहिला आणि खाटेशी बसून वाचून दाखवला: "एका वृद्ध, अशिक्षित, असहाय मजुरास धोकादायक उडी मारण्यास भाग पाडून..."

"हा कोन?" मामांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी न्हाई. असल्या माणसाच्या हातात कासरा तरी देईल का कुनी?"

"मामा, सरकारदरबारी असंच लिहावं लागतं."

"पडलो म्हनतीस, बरं, पडलो. पर आधी मारली, तिचं काय? ती कुठं हाय कागदात?"

"ती लिहिली तर त्यांचंच फावेल. म्हणतील, बघा, नीट मारली की."

"मग मी सही करत न्हाई."

मामी दारात गहू निवडत होत्या. "दोघंबी शिंगाला शिंग लावून बसलेत," त्या म्हणाल्या. "आता सोडवायला कोन येनार?"

मामांनी त्यांच्याकडून उपरणं मागून घेतलं. माझा हात पुढं ओढला आणि त्यावर ते टाकलं. मी दचकले. आत त्यांची बोटं सुकलेल्या शेंगांसारखी होती. त्यांनी माझं पहिलं बोट धरलं आणि घट्ट दाबलं. बराच वेळ दाबून धरलं. मग दुसरं, नुसतं टेकवल्यासारखं. आधी पहिली उडी, मग दुसरी. एवढंच त्यांचं मागणं होतं. मी इतकी वर्षं लोकांसाठी मागण्या लिहिल्या, पण कुणाची मागणी अशी हातात घेतली नव्हती.

मी त्यांचं पहिलं बोट दाबलं.

त्यांनी उपरणं झटकायला हात उचलला. पडल्या पडल्या जोर येईना. आवाज आला नाही. ते छातीवरच पडलं, ते मी त्यांच्या डाव्या खांद्यावर सरकवून ठेवलं.

कागद नव्यानं लिहायला बसले. पहिली उडी लिहिली आणि मग पुढचं वाक्य आपोआप आलं: त्या उडीनं कडबा दबला आणि सांगूनही तो कुणी पुन्हा रचला नाही. सगळी तक्रार त्या दबलेल्या कडब्यात होती, आणि माझ्या आधीच्या कागदात कडबा हा शब्दच नव्हता. वृद्ध, अशिक्षित, असहाय, एवढे शब्द मात्र होते. पडल्यानंतरचा एक फोटोही मग एका गाडीवानाच्या मोबाईलवर सापडला. चपटी गंजी, आडवे मामा, खांदा रिकामा. पिक्चरातल्या खांद्यावर उपरणं आहे. उड्या दोन होत्या, हे आणखी कसं सांगायचं?

मामांनी सही केली. सहीपुरतीच अक्षरं येत होती, पण सोडलं नाही एकही.

तारीख पडली. पुन्हा पडली. मधल्या काळात मामांच्या छातीत कफ साठला आणि ते गेले. बाजार त्या आठवड्यालाही भरला.

परवा नगरच्या कामगार कार्यालयात सुनावणी होती. मी होते, शेजारी मामी. कंपनीच्या माणसानं साहेबांसमोर मोबाईल धरला आणि तो दीड मिनिटाचा तुकडा लावला. मामींनी पिक्चर पाहिला नव्हता. त्या वाकून बघू लागल्या. टेम्पो, उपरणं, उडी. मामा उठले, बैलांच्या मधून पळाले आणि पडद्याच्या कडेनं बाहेर गेले.

"अहो, हे तर झकास पळतायत," साहेब म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "अर्जातलं पहिलं वाक्य वाचा."

त्यांनी फाइल पुढं ओढली, चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं, "पहिली उडी मी बरोबर मारली."