विक्कीने काढलेली माय

विक्की हा राजुऱ्याचा. आधी त्याने मोबाइलचे कव्हर विकले, मग विमा विकला, मग कसलीशी ताकदीची पावडर विकली. ती पावडर पिऊन त्याच्या सख्ख्या मामाला हगवण लागली, तेव्हा राजुऱ्यात तोंड दाखवायला जागा उरली नाही आणि हा गडी वेबसाइटवाला झाला. या धंद्यात कोणाला लगेच हगवण लागत नाही, एवढाच त्याचा फायदा.

मी वडशाच्या एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत होतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. कुठे मंडई असते, कुठे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या रात्री नाटक नसेल तर गावाची मान खाली जाते. कंपन्यांची ऑफिसं वडशाला एका रस्त्यावर समोरासमोर आहेत. गावची मंडळं येतात, कोण कोण कलावंत आहेत ते ऑफिसात बसलेले आपल्या डोळ्यांनी बघतात आणि मगच इसार देतात.

आमचे मालक श्रीहरीभाऊ. माणूस वाईट नाही, पण कानाचा इतका हलका की शेवटी जो बोलला तो खरा. त्यांच्या मुलीने, हर्षाने, कंपनीची एक साधी वेबसाइट केली होती. काळी पाटी, मधोमध एकच फोटो, खाली फोन नंबर. फोटो मनकर्णाबाईचा. शेवटच्या अंकात मेलेल्या लेकापुढे पदर पसरून, तोंड वासून ती रडते आहे. दिसायला भयंकर फोटो होता, पण फोन वाजायचा.

मनकर्णाबाई आमच्याकडे मायचा रोल करायची. नाटकाचं नाव बदलायचं, लेखक बदलायचा, माय तीच. तिचं रडणं सुरू झालं की बंदोबस्ताला आलेला शिपाईसुद्धा टोपी काढून डोळे पुसायचा. बाकी बाई स्वभावाने काही गोड नाही. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाते, तो आणायला माझ्यासारख्या वयाच्या माणसाला पाठवते, आणि अर्धा सूर चुकला तर भर तालमीत माझ्या खानदानाचा उद्धार करते. उन्हाळ्यात ती तेंदूपत्ता तोडते, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत भाताचे रोवणे करते. हिवाळ्यात मात्र ती कोणाची मजूर नसते. त्या चार महिन्यांवर तिचं घर उभं होतं आणि मानही.

नवरात्रात विक्की लॅपटॉप घेऊन ऑफिसात शिरला. खुर्ची कोणी दिली नव्हती, तरी बसला. हर्षाची वेबसाइट बघून तो असा हसला की मला त्याच्या डोक्यात ऑर्गन घालावासा वाटला.

"भाऊ, हे काय लावून ठेवलं? रडकी बुढी पयल्याच पानावर! लोकं पाहूनच पळून राह्यले तुमचे. फेस फ्रेश पायजे. मी तुमाले सर्चमधी एक नंबरवर आणतो."

"एक नंबरवर?" श्रीहरीभाऊंच्या डोळ्यांत जत्रा भरली.

"गूगलमधी नाटक टाकलं का तुमीच. दुसरा कोनीच नाई."

झालं. महिन्याभरात नवी वेबसाइट आली. जांभळी. उघडली की आधी एक भिंगरी फिरे, मग एक गोरी पोरगी नाचे. ही पोरगी आमच्या कंपनीत नव्हती, वडशात नव्हती, बहुतेक या देशातच नव्हती. खाली "गडचिरोलीतील सर्वोत्तम नाटक कंपनी" हे एकच वाक्य इतक्या वेळा लिहिलेलं की वाचणाऱ्याला वाटावं, लिहिणाऱ्याला वात झाला आहे. लोक ताडोबा फार शोधतात म्हणून त्याने ताडोबाही घुसडलं. परिणाम असा की पुण्याहून कोणी जिप्सीचं विचारी, वाघ नक्की दिसेल का म्हणून विचारी. नाटकाचं कोणी विचारीना, कारण जंगलातल्या गावात ती भिंगरीच फिरत राही. अर्ध्या दांडीच्या नेटवर्कवर जांभळी पोरगी उतरायची कशी?

मनकर्णाबाईचा फोटो त्याने फेकला नाही, हे त्याचं औदार्य. पार खाली "आठवणीतले चेहरे" असा एक कोपरा करून तिथे तिला ठेवलं. फोटो काळापांढरा केला. "क्लासिक लूक," म्हणाला. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट घातली. हर्षा म्हणाली, "हे असं चांगलं नाई दिसून राह्यलं, बाबा." त्यावर विक्कीने तिला रंगसंगती समजावून सांगितली. ज्याने जन्मात भिंतीला चुना लावला नाही, तो रंगसंगती सांगत होता आणि श्रीहरीभाऊ मान डोलवत होते.

पुढची पायरी ठरलेलीच. वेबसाइटवर जी पोरगी आहे तसलं काही ऑफिसात दिसलं पाहिजे, म्हणून भाऊंनी बाईला निरोप दिला, "यंदा ऑफिसात येऊ नोको. रोलचं पाहू मंग." मंडळांनी डोळ्यांनी पाहिलं नाही तर सीझन गेला, हे बाईला ठाऊक होतं. तिने निरोप आणणाऱ्याला शिव्या दिल्या आणि घरी बसली. शिव्या नेहमीच्या होत्या, पण आवाज नेहमीचा नव्हता, असं तो निरोप्या सांगत होता. मला फार वाईट वाटलं, आणि भाऊंचा रागही आला.

दिवाळीनंतर एका सकाळी पोंभुर्ण्याकडच्या एका गावचं मंडळ आलं. पुढे इसरू, त्यांचा म्होरक्या. दरवर्षी शंकरपटाला आमचंच नाटक नेणारी ही माणसं. येताना नेहमी हसत, आरडाओरडा करत यायची. त्या दिवशी चपला बाहेर काढून गुपचूप आत आली आणि कोणी बसेना.

"का झालं इसरूभाऊ?" मी विचारलं.

"मास्तर, बाईचं घर कुठी हाय? भेटून येतो म्हटलं घरच्याईले. आमी तं बस स्टॅंडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्सबी लावला." आणि हा दांडगा माणूस, बैलाला नाकात धरून थांबवणारा, पंच्याने डोळे पुसू लागला.

कोणाची श्रद्धांजली, हे कळायला मला वेळ लागला. काळापांढरा फोटो, झेंडूची चौकट, वर "आठवणीतले चेहरे", आणि ऑफिसात बाई दिसत नाही. आमच्या मुलखात याचा दुसरा अर्थ कोणी काढतच नाही. टेकडीवर चढून, जिथे नेटवर्क लागतं तिथे, गावच्या पोरांनी ते पान उघडलं होतं. एका गावाने दुसऱ्याला सांगितलं. मग सगळे मोबाइलवर एकच विचारू लागले, मनकर्णाबाई मेल्या का.

हर्षाने तेच शोधलं आणि तिचा चेहरा पडला. पहिल्या नंबरवर आमचीच वेबसाइट होती. नवं पान. "मनकर्णाबाई यांचे निधन झाले का? जाणून घ्या संपूर्ण माहिती." खाली बाईचं बालपण, बाईचा संघर्ष, बाईचं आवडतं जेवण, सगळं मनानेच रचलेलं. आणि अगदी तळाला बारीक अक्षरात, "याबाबत अधिकृत माहिती उपलब्ध नाही." लोक काय विचारतात ते विक्कीला त्याच्या लॅपटॉपवर दिसत होतं. बाई वडशापासून हाकेच्या अंतरावर राहते, हेही ठाऊक होतं. लोकांना खरं सांगायचं सोडून त्याने त्यांच्या रडण्यावर दुकान मांडलं होतं.

हर्षा स्कूटी घेऊन गेली आणि बाईला घेऊन आली. बाई दारात उभी राहिली तेव्हा मंडळातला एक म्हातारा मटकन खालीच बसला. इसरूने पुढे होऊन तिचा हात चाचपून पाहिला.

"मले कोनं मारलं रे?" बाई म्हणाली.

कोपऱ्यात विक्की लॅपटॉप घेऊन बसलाच होता. हर्षाने पान वाचून दाखवलं. बाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग विक्कीकडे पाहिलंसुद्धा नाही, श्रीहरीभाऊंना विचारलं, "तुले मालूम होतं?"

"नाई बाई, गौतम बुद्धाची शप्पथ. आताच..." भाऊ विक्कीकडे वळले. "काढून टाक बाबा ते."

"भाऊ, येड्यावानी नोका करू," विक्की म्हणाला. "तेवढं एकच पान एक नंबरवर हाय! वेबसाइटवर लोकं त्याच्यानंच येऊन राह्यले. दोन हप्ते राहू द्या, सीझन पक्का होऊन जाईन."

भाऊंनी बाईकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, आणि चोरट्या आवाजात म्हणाले, "दोनच हप्ते हाय ना?"

बाईने तोंडातला खर्रा दाराबाहेर थुंकला, पदर खोचला आणि रस्ता ओलांडून समोरच्या कंपनीत जाऊन बसली. मागे इसरू आणि त्याचं सगळं मंडळ. दुपारी मीही माझा ऑर्गन उचलला. मायच्या रडण्याला सूर मी देत आलो होतो, आणि गोऱ्या पोरीच्या भिंगरीला सूर लागत नाही.

समोरच्या कंपनीने बाईला दिवसभर बाहेर खुर्ची टाकून बसवलं. ज्यांनी श्रद्धांजल्या वाहिल्या ती गावं एकामागून एक येऊन, तिला हात लावून, नाटक ठरवून गेली. विक्कीचं पान मात्र होतं तिथेच होतं. दोन हप्ते उलटले तरी होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी हा निर्लज्ज गडी रस्ता ओलांडून बाईपुढे आला. "बाई, तुमच्या नावावर लय सर्च हाय. तुमची सोताची वेबसाइट काढू. ते निधनवालं पान मंग मी खाली आणून देतो."

बाई उठली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पदर पसरला आणि भर बाजारात शेवटच्या अंकाचा टाहो फोडला.

"माहा विक्की गेला वोऽऽ! राजुऱ्याचा माहा सोन्यासारखा विक्की! कुठी गेला रे बापाऽऽ!"

टोपल्या सोडून बाया धावल्या. रिक्षा थांबल्या. मला राहवेना, मी आत बसून ऑर्गनवर हात टाकला. विक्की मधे उभा राहून "मी इथीच हाव, मी इथीच हाव" म्हणत होता, पण त्या आवाजापुढे त्याचं कोण ऐकतो? बाया जोडीला रडू लागल्या. राजुऱ्याचा एक चिवड्याचा दुकानदार बाजारात होता. त्याने फोन काढला.

थोड्याच वेळाने विक्कीचा फोन वाजला. त्याची आई. "आई, मी विक्की बोलून राह्यलो... अवो मीच... अवो जित्ता हाव!" पलीकडून नुसतं रडणं. तिला वाटत होतं, पोराच्या फोनवर दुसराच कोणी बोलतो आहे. शेवटी त्याने फोन माझ्या हातात दिला. "मास्तर, तुमी सांगा ना जी."

खरं सांगतो, हो, गेला तुमचा विक्की, असं म्हणावं, हे मनात येऊन गेलं. पण ते रडणं नाटकातलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, तुमचा पोरगा जिवंत आहे, माझ्यासमोर उभा आहे." तीन वेळा सांगावं लागलं, तेव्हा कुठे ती शांत झाली.

विक्की तिथेच पायरीवर बसला. लॅपटॉप उघडून त्याने ते पान पुसलं आणि पुसलं ते बाईला दाखवलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. जन्मात पहिल्यांदा मला त्याची थोडी कीव आली, आणि मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

चहा अर्धा झाला तेव्हा तो माझ्याकडे सरकला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, बाई आता रडल्या, त्याचा व्हिडिओ कोनी काढला का? लय चालन."