विमलच्या बोटाचा थेंब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी कुणाला? नवरा केव्हाच गेला. दादा आहे, पण त्यालाच सांगता आलं असतं तर ही वेळ आली नसती. म्हणून तुम्हाला सांगते. मला रडूनभेकून बोलता येत नाही. झालं तसं मांडते — मध्येच थांबले तर थांबले.

परभणीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस आहे. सातवी पास. काचसामान धुणं, द्रावणं करून ठेवणं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्या तयार करणं ही माझी कामं. इतक्या वर्षांत माझ्या हातून दोन परीक्षानळ्या फुटल्या असतील. मिरवायला सांगत नाही. माझा हात चुकत नाही, एवढं लक्षात ठेवा.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. आमचे सर हुशार आणि सरळ. पदरचे पैसे घालून परदेशी मासिकं मागवायचे. त्या वर्षी त्यांच्या तोंडी एकच विषय होता — पेशीतली प्रथिनं. पेशीचा आकार, तिचं काम, सगळं प्रथिनं ठरवतात म्हणायचे. मला बांगडीवाल्याकडून रंगीत मणी आणायला लावले. सरांनी सांगितलेल्या क्रमानं मी दीडशेच्या आसपास मण्यांची माळ ओवली. मग त्यातला एक मणी काढून दुसरा घालायला लावला. एकच. रक्तातल्या लाल पेशीत जे प्रथिन असतं ते अशा माळांचं बनतं, सर मुलांना म्हणाले. हा एक मणी बदलला, की प्राणवायू कमी पडल्याबरोबर प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांच्या काड्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेली पेशी बारीक नसांत अडकते. बदललेला मणी आई-बापांपैकी एकाकडून आला तर माणूस धडधाकट राहतो, त्याला कळतही नाही. दोघांकडून आला तर लेकरू जन्माचं दुखणाईत.

हे कोणकोणत्या समाजांत सापडतं, तेही सरांनी वाचून दाखवलं. वाचण्यात काही वावगं नव्हतं. पण आमच्या समाजाचं नाव आलं तेव्हा पुढच्या बाकांवरची चार डोकी मागे वळली. मागच्या बाकावर आमची दोन पोरं बसली होती. मी मोरीपाशी उभी होते. आमच्या रक्ताबद्दल आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो होतो. छप्पन साली ते सगळं टाकून बाहेर पडलो — आणि आता हे मासिकात? पण हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा मनात आलं, ते सांगते.

दुसऱ्या दिवशी प्रयोग होता. आजारी रक्ताची काचपट्टी सरांनी बाहेरगावाहून मागवली होती. तुलनेला निरोगी रक्त हवं होतं, ते नेहमी माझंच असायचं. बोट टोचलं, थेंबावर प्राणवायू शोषून घेणाऱ्या औषधाचं द्रावण घातलं, वर पातळ काच ठेवली, हवा जाऊ नये म्हणून कडेनं व्हॅसलीन लावलं. अर्ध्या तासानं, मुलं यायच्या आधी, सवयीनं एकदा बघून घेतलं.

पेशी वाकल्या होत्या. सगळ्या नाहीत — पण पुष्कळ.

मी ती काचपट्टी धुऊन टाकली. ग्रंथालयातल्या बाईंचं बोट टोचून दुसरी केली. सरांना म्हणाले, माझी वाळून गेली. ते हसून म्हणाले, "तुमच्या हातून?" मीही हसले.

तोवर फार बिघडलं नव्हतं. मला स्वतःला काही त्रास नव्हता, पुढेही होणार नव्हता. पण माझा मिलिंद लग्नाचा होता, आणि त्याला पेडगावच्या दादाची विमल करायची हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. माझा दादा — मला शिकता यावं म्हणून स्वतःची शाळा सोडून दुसऱ्याच्या वावरात राबलेला. बाजारच्या दिवशी यायचा, पाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, "तुह्या घरात पोरगी देतो म्हंजी कुटं देतो? माह्याच घरात. मानपान मागशील तर कान धरीन."

रक्तगट बघायचा असं सांगून मी मिलिंदचं बोट टोचलं. त्याच्याही पेशी वाकल्या. उरली विमल. माझ्यात होतं ते दादात असेल का? दादातून तिच्यात आलं असेल का? असेल किंवा नसेल. नसतं तर प्रश्नच मिटला असता. असतं तर — मला दादासमोर बसून बोलावं लागलं असतं. तिचा थेंब तपासणं अर्ध्या तासाचं काम होतं.

विमल चार दिवस राहायला आली, तेव्हा मी दोन काचपट्ट्या आणि औषधाची पुडी पिशवीतून घरी आणली. म्हणजे तयारी होती माझी. तीन दिवस पिशवी खुंटीला तशीच राहिली. चौथ्या दिवशी सकाळी पोरगी वांगी चिरायला बसली आणि बोट कापून घेतलं. वर हसत म्हणते, "आत्या, तुमची विळी लय धारंची हाय, आधी सांगायचं न्हाई का."

बोटाच्या टोकाला थेंब उभा होता. चांगला टपोरा. टोचायचीही गरज नव्हती, बहाणाही नको होता. खुंटी दोन हातांवर.

मी डबा उघडला आणि चिमूटभर हळद त्या बोटावर दाबली.

हात चुकत नाही म्हणाले ना? तेव्हाही चुकला नाही. मी समजून दाबली. जे कळलं नाही ते सांगावं लागत नाही — एवढा सरळ हिशेब होता. फरशीवर एक ठिपका पडला होता, तोही पुसला.

लग्न झालं. पांढऱ्या साडीत विमल छान दिसत होती. दादा मांडवात सगळ्यांना सांगत फिरत होता, बहिणीनं शब्द पाळला.

पहिली मुलगी झाली, सुजाता. आठव्या महिन्यात तिचे हातपाय सुजले. मग डोळे पिवळे. मग रात्रंदिवस रडणं. कुणी वात म्हणालं, कुणी कावीळ, कुणी दृष्ट. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. सुजाता झोपलेली असताना तिच्या टाचेतून थेंब घेतला, कॉलेजात नेऊन बघितला. पेशी वाकल्या होत्या. विमलचा घेतला नव्हता — आता घ्यायची गरजही उरली नव्हती.

यावर औषध नाही. सरांना विचारलं होतं, 'पेडगावकडच्या एका लेकराचं' म्हणून. भरपूर पाणी पाजा, गारठ्यात नेऊ नका, एवढंच म्हणाले. तेवढं मी करते. तिच्यामागे पेला घेऊन फिरते. विमल म्हणते, "आत्या, तुमचं सारखं पाणी पाणी काय चालू आसतंय?" पोर आता चार वर्षांची आहे. दुखायला लागलं की गुडघे पोटाशी घेते आणि माझ्याकडे बघते. आईकडे नाही. मला काहीतरी येतं, असं तिला वाटत असावं.

विमल स्वतःला बोल लावते. बाळंतपणात थंड पाण्यात हात घातला म्हणून, उपाशी राहिली म्हणून. शेजारणी दुजोरा देतात. मी ऐकत असते. एकदाही म्हणाले नाही की तुझं काही चुकलं नाही. तसं म्हटलं तर मग कुणाचं, हे आलंच ना?

परवा ती माझ्याजवळ येऊन बसली. तिला पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना. हळूच म्हणाली, "आत्या, माह्याच अंगात काही खोट हाय का? खरं सांगा. तुमी शिकलेल्या हाव."

मी म्हणाले, "नाही गं." आणि सुजाताला पाणी द्यायला उठले.

आज रविवार. आत विमल भाजी चिरते आहे. विळी तीच. मी बाहेरच्या खोलीत बसून हे लिहिते आहे.