मेहरुननं ट्वीटरची वायर काढली ती गोष्ट

मेहरुनला कोणाच्याही घरी बसवा, चहा येईपर्यंत तिनं तिथली उशी दाबून पाहिलेलीच असते. आत कापूस आहे का चिंध्या, गाठी झाल्यात का, टाका कसा घातलाय. सोनगीरच्या पिंजाऱ्याची पोर ना ती. आता धुळ्यात गाद्या-रजया भरते. भरलेली वस्तू दिसली की तिला आतलं बघायचंच असतं. लग्नात आलेली बाहुलीसुद्धा तिनं उसवून पाहिली होती, परत शिवून ठेवली, सासूला पत्ता नाही.

फक्त एका वस्तूला हात लावायचा नाही, असं नवऱ्यानं बजावलेलं. त्याची पेटी.

नवरा चांदभाई, बन्सीनानाच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. जाड तारांची ती, घुम्म घुम्म करणारी. तिचा आवाज निघतो एका काळ्या पेटीतून. जळगावहून जुनी आणलेली. खाली ताटाएवढा मोठा स्पीकर, आणि वर वाटीएवढा भोंगा. त्याला ट्वीटर म्हणतात, बारीक आवाज त्यातून निघतो.

एकदा चांदभाई शिरपूरच्या लग्नाहून आला तो ताटावरून तसाच उठला.

"काय झालं, रमीजचे अब्बा?"

"नाना म्हणे, चांद, तुझ्या गिटारीतून तवा खरवडल्यासारखं येतं. फैजपूरच्या लग्नात असंच आलं तर दुसरा माणूस बसवीन." मग आपलीच बोटं उलटीपालटी करून बघत बसला. "हात गेला माझा, मेहरुन. बोटं घासतात तारेवर."

"वाजवा बरं."

"आत्ता?"

"मग काय नानाला विचारून?"

त्यानं वाजवलं. मेहरुन पेटीजवळ मांडी घालून बसली आणि कान लावला. खाली घुम्म, वर किर्रर्र. गिटार थांबली तरी वर आपलं सूं सूं चालूच. तिनं वरच्या भोंग्यावर तळवा ठेवला. किर्रर्र गेलं! तळवा काढला, आलं परत. ठेवला, गेलं. लहान पोरासारखा तिला खेळच सापडला.

"तुमच्या हाताला काही झालं नाही," ती म्हणाली. "बोटं तर सगळ्यांचीच घासत असतील. हा वरचा चहाडी करतो."

"त्याला कमी करायचं बटण आहे मागं. पण ते नुसतं फिरतं, होत काही नाही."

"मग त्याची वायरच काढू."

"पागल झाली का? मोठा पण बंद पडला तर फैजपूरला काय घेऊन जाऊ? तुझी रजई?"

"न्या की. नाना निदान झोपतील तरी."

तो हसला, आणि हसला तिथंच फसला. त्यानं सगळं बंद केलं, प्लग काढला, तिनं पेचकस घेतला. स्क्रू निघाले, भोंगा हातात आला, मागं लाल-काळी वायर लोंबत. पण वायर राहिली बाजूला, बाईनं त्या भोकातून कोपरापर्यंत हात आत घातला.

"या अल्ला! आत गादी शे!"

खरंच होती. पेटीला आतून मऊ अस्तर लावलेलं, ते सुटून एका कोपऱ्यात गोळा झालेलं. "कोणी भरलं हे? ना टाका, ना काही!" असं म्हणत तिनं गाठी सोडवल्या, नीट पसरून चिकटवलं. चांदभाई नुसता "अगं, अगं" करत राहिला.

मग वायरची टोकं ओढून काढली. मेहरुन त्यांना दोरा गुंडाळायला निघाली.

"आधी टेप," तो म्हणाला. "दोघींना वेगवेगळी. एकमेकीला लागल्या तर मशीन जळेल."

टेप झाली, वर तिनं कापसाची पट्टी बांधली, वायरी आत खडखडायला नकोत म्हणून. आणि भोंगा ठेवला बाजूला.

चांदभाईनं प्लग लावून तार छेडली. फस्स! घुम्म नाही, काही नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला. शेजारची ताईबाई दारातून डोकावली, "काय व्हयनं वं मेहरुन? पेटी फोडी का काय?"

मेहरुनचं लक्षच नव्हतं. तिची ओढणी हलत होती. तार वाजली की ओढणी हलायची, थांबली की खाली. तिनं भोकापुढं हात धरला, आतून वारा येत होता. भोकावर तळवा दाबला, तर घुम्म परत आलं, भरलेलं!

"उशीचं तोंड शिवायचं राहिलं ना आपलं," ती म्हणाली.

तोच भोंगा परत जागेवर बसवला. मुका. नुसतं झाकण म्हणून. स्क्रू पिळले. आता वाजवलं तर आवाज खालून, पोटातून आला. मेहरुनला माहेर आठवलं. तिचे अब्बा सोनगीरला धनुकलीवर कापूस पिंजायचे, तिच्या तातीवर, त्या ताणलेल्या दोरीवर, ठोका पडला की अस्साच आवाज घरभर व्हायचा.

"परत वाजवा," ती म्हणाली. त्यानं परत वाजवलं. ताईबाई पण दारातच बसली.

फैजपूरला पहिलं गाणं संपलं आणि बन्सीनाना मागं वळला. "चांद, नवी पेटी घेतली का रे?"

"नाही नाना. बायकोनं भरून दिली."

नानाला काही कळलं नाही, पण दुसऱ्या माणसाचं नाव त्यानं काढलं नाही. चांदभाईनं घरी येऊन दारातूनच हे सगळं सांगितलं, हात नाचवून नाचवून.

मेहरुननं ऐकलं. मग पेटीवर कान टेकवून विचारलं, "ते राहू द्या. गाडीच्या हादऱ्यानं आतली गादी सरकली नाही ना?"